गोव्याच्या अलीकडे : वेंगुर्ला ते तेरेखोल, स्कूटरवरून

गोव्याला मी आजवर सात-आठ वेळा तरी गेले असेन. दर वेळी रात्रीची गाडी, आणि डोळे उघडायचे ते थेट म्हापशात. सावंतवाडीच्या पुढे उजव्या हाताला समुद्राच्या कडेने वेंगुर्ल्याचा अख्खा तालुका पसरलेला आहे, हे नकाशात बघितलं होतं. उतरले कधीच नव्हते. या वेळी धाकट्या बहिणीने हट्ट धरला. गोव्याला जायचं नाही, गोव्याच्या अलीकडे राहायचं. ती, तिची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी, अशा तिघी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो.

पहिला दिवस : वेंगुर्ला

सकाळी कुडाळला उतरलो, रिक्षाने तासाभरात वेंगुर्ल्यात. उतरलो होतो एका घरगुती निवासात. कौलारू घर, सारवलेलं खळं, मागे माडांची आणि कलमांची परसबाग. आंबे मोहरून गेले होते, काही झाडांवर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. घराच्या मालकीणबाई, काकूच म्हणायचो आम्ही, त्यांनी एका बुटक्या कलमाकडे बोट दाखवून सांगितलं, हा ‘सिंधू’. ही जात इथल्याच फळ संशोधन केंद्रात तयार झालेली, ‘रत्ना’ आणि हापूस यांच्या संकरातून. कोय इतकी पातळ की फळ म्हणजे नुसता गर. मे महिन्यात या, म्हणाल्या, चाखून बघा आणि मग हापूसचं काय ते बोला.

दुपारी जेवण : उकड्या तांदळाचा भात, सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी. संध्याकाळी बंदरावर गेलो. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करणाऱ्या डच जहाजांना रसद वेंगुर्ल्यातूनच मिळायची. बंदरालगतच्या टेकडीवर दीपगृह आहे. तिथून खाली होड्या परतताना दिसतात. पावणेसातला सूर्य पाण्यात गेला, त्यानंतरही कितीतरी वेळ आम्ही तिघी तिथे न बोलता बसून होतो.

दुसऱ्या दिवसाची स्कूटरची सोय काकूंच्याच ओळखीतून झाली. त्यांचा भाचा पर्यटकांना स्कूटरवरून किनारा दाखवतो. तो पुढे, आपण मागे. पेट्रोल आणि हेल्मेट त्याच्याकडूनच, जेवण ज्याचं त्याचं.

*कुडाळ आणि सावंतवाडी रोड, ही दोन्ही स्टेशनं वेंगुर्ल्याला सोयीची. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, हे बघून घ्या. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी भाड्याने घेतली तर अपघात झाल्यास विम्याची अडचण येते. लायसन्स जवळ हवंच.*

दुसरा दिवस : मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल

सात वाजता पेज आणि लोणचं खाऊन निघालो. मी एका स्कूटरवर, मागे बहीण, भाची दुसरीवर, पुढे काकूंचा भाचा, आमचा ‘दादा’. निघताना त्याने एवढंच बजावलं, “ताईनू, माझ्या मागसून येवा, पुढे जाव नकात.” सगळं मिळून जाऊन-येऊन ६५ ते ७० किलोमीटरचा पल्ला. मोटारीने हे दोन तासांचं काम आहे. आम्हाला तेरा तास लागले, आणि त्यातला एकही तास कमी करावासा वाटला नाही.

फेब्रुवारीतली कोकणातली सकाळ गार असते, पण बोचत नाही. मोटारीच्या काचेमागे जे कळत नाही ते स्कूटरवर दर वळणाला कळतं. मोहोराचा वास संपला की काजूच्या बोंडांचा आंबूस वास, मग कुठेतरी सुकत घातलेली मासळी, मग ओल्या शेणाने नुकतंच सारवलेलं अंगण. दादा वळणाच्या आधीच हात वर करायचा आणि मग वेग कमी व्हायचा. मोचेमाडच्या घाटात त्याने गाडी कडेला घेतली. “हंयसर वायच थांबया.” खाली माडांचं बन, त्याला वळसा घालून समुद्राला मिळणारी मोचेमाडची खाडी आणि पलीकडे पांढऱ्या वाळूची लांब पट्टी. वाळूवर माणूस म्हणून नव्हतं. एक होडी आडवी घातलेली, तिच्या सावलीत दोन कुत्री.

घाट उतरलो आणि भाचीच्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. पंक्चर काढणारा पुढच्या गावात. दादा चाक खोलून घेऊन गेला आणि आम्हाला रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सावलीला बसवून गेला. ती काजू फोडायची जागा निघाली. एरवी आम्ही तिच्यासमोरून सरळ निघून गेलो असतो.

आत आठ-दहा बायका लाकडी मेजांशी बसल्या होत्या. उकडून सुकवलेली काजूची बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा खाली घ्यायचा. टक्‌ असा आवाज होतो आणि टरफल दुभंगतं. मग सळईच्या टोकाने गर अलगद बाहेर. एका बीला तीन-चार सेकंद. ज्या मावशीजवळ मी बसले होते त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती, नखांच्या कडा उललेल्या. टरफलात चीक असतो, तो कातडी भाजतो. म्हणून शेजारी वाटीत तेल ठेवलेलं. दर थोड्या वेळाने त्या बोटं त्यात बुडवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. “चीक लागता बोटांक,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातावर एक अख्खा गर ठेवला. तो अजून भट्टीत सुकायचा होता, त्याची तांबूस साल निघायची होती. चव दुधासारखी.

पाकिटावर २४० किंवा ३२० असा नंबर असतो, त्याचा अर्थ मला तिथे कळला. एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, किती गर बसतात तो हा आकडा. जितका लहान आकडा, तितका मोठा काजू आणि तितकी जास्त किंमत. फुटून दोन फाका झाल्या की ती ‘पाकळी’, आणि तिचा भाव उतरतो. मावशींच्या हातून तासाभरात माझ्यासमोर मोजक्याच पाकळ्या निघाल्या. आता घरी काजूची बरणी उघडली की मला ती तेलाची वाटी दिसते. वेंगुर्ल्याहून काजू नेणार असाल तर अशा छोट्या युनिटमधूनच घ्या. ताजे मिळतात, आणि कोणाच्या हातून फुटलेत ते बघूनही घेता येतं.

चाक बसवून आरवलीला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. आरवलीचा वेतोबा हा या भागाचा राखणदार. मूर्ती माणसासारखी उभी, माणसाहून उंच. पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. नवस फेडायला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला केवढ्या, तर एकेक माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरून उरेल एवढी. जाड तळ, पितळी चकत्या, व्यवस्थित शिवलेला अंगठा. देव रात्री त्या घालून गावाची गस्त घालतो आणि म्हणून तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. एक आजोबा बसले होते, त्यांनी भाचीला जवळ बोलावून एका जोडीचा तळ उलटा करून दाखवला. टाचेकडचं चामडं खरोखरच घासलेलं होतं. भाची शहरात वाढलेली मुलगी, पण तिने तिथे एकही प्रश्न विचारला नाही. हात जोडले, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “मावशी, आपल्या सोसायटीवर असं कोणी लक्ष ठेवत नाही.”

तिथून शिरोडा. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते, म्हणून हे नाव लहानपणापासून कानावर होतं. मिठागरांचं शिरोडं मात्र मला माहीत नव्हतं.

खाडीच्या काठाने चिखलाचे बांध घालून केलेले चौकोनी वाफे. लांबून आरशांसारखे चमकतात. जवळ गेल्यावर कळतं, प्रत्येक वाफ्यातलं पाणी वेगळ्या रंगाचं आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी पहिल्या मोठ्या वाफ्यात घेतात; ते ऊन-वाऱ्याने आटत जातं तसं पुढच्या, आणखी उथळ वाफ्यात सोडतात. शेवटच्या वाफ्यात ते इतकं दाट झालेलं असतं की तळाशी खडे धरू लागतात. मग ते लांब दांड्याच्या लाकडी फळीने कडेला ओढून बांधावर ढीग घालायचे. एक नवराबायको काम करत होती, दोघंही अनवाणी. काकांनी फळी माझ्या हातात दिली. ओढायला गेले तर वाटलं त्याहून कितीतरी जड. हिसका दिला की तळाचा चिखल उकरला जातो आणि मीठ काळं पडतं. त्यांच्या हाताला ती ओढ नेमकी ठाऊक होती. फळी चिखलाला शिवत होती पण खरवडत नव्हती.

मी विचारलं, पावसाचं काय? काका म्हणाले, “एक सर इली की सगळा परत पाणी.” अवकाळी पावसाची एकच सर दोन आठवड्यांचं काम घेऊन जाते. आणि या जाड्या मिठाला भाव तो किती! आंबोशीला, लोणच्याला, मासे खारवायला हेच लागतं, तरी दुकानात सगळीकडे पिशवीतलं पांढरंशुभ्र मीठ.

मिठाचा सत्याग्रह म्हटलं की मला दांडी आठवायची. मे १९३० मध्ये महाराष्ट्रातले सत्याग्रही मीठ उचलायला आले ते या शिरोड्याला. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. शाळेतल्या पुस्तकात हे एका ओळीत वाचलं असेन, पण त्या बांधावर उभं राहून मूठभर मीठ हातात घेतल्यावर ती ओळ जड झाली. मिठागरातल्या त्या काकांच्या बायकोने कागदात बांधून मीठ दिलं. पैसे घेईनात. शेवटी आम्ही पाच किलो विकत घेतलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकलं. तुम्ही गेलात तर नुसते फोटो काढून परत फिरू नका, मीठ विकत घ्या.

*मिठागरं बघायला जानेवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा काळ चांगला. बांधावर चढण्याआधी विचारा आणि चपला काढा; बांध कच्चे असतात. शिरोड्यात पेट्रोल भरून घ्या. दुपारी बारा ते तीन ऊन कडक, पाण्याची मोठी बाटली आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.*

जेवण शिरोड्याच्या बाजारात, चार बाकड्यांच्या खानावळीत. ओल्या काजूची उसळ मिळाली आणि बहीण, जी मासे खात नाही, ती खूश झाली. आम्हा दोघींना बांगडा. वाढणाऱ्या ताईंनी दादाला विचारलं, “खंयची पावणी?” आणि पुण्याची म्हटल्यावर माझ्या पानात न मागता आणखी एक वाटी सोलकढी आली. त्यानंतर वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत तासभर पडलो. सुरूच्या बनातून वारा जातो तेव्हा पाऊस आल्यासारखा आवाज येतो.

रेडीकडे वळलो की माती बदलते. लोहखनिजाच्या खाणींचा प्रदेश. रस्त्याच्या कडेची झुडपं तांबड्या धुळीने माखलेली. १९७६ साली याच खाणीत खोदताना गणपतीची मूर्ती सापडली. दोन हातांची, भव्य, आता देवळात आहे. दर्शन झालं, पण मला रेडीत गुंतवलं ते यशवंतगडाने. तटाच्या भिंतींवरून वडा-पिंपळाची मुळं अशी उतरलीत की दगडांनी मुळं धरलीत की मुळांनी दगड, ते सांगता येत नाही. आतल्या वाटा मोकळ्या होत्या. दादा आणि त्याचे मित्र सुटीच्या दिवशी कोयते घेऊन झाडी तोडायला येतात. एका दरवाज्याच्या कमानीखाली त्याने थांबवलं आणि छताकडे बोट दाखवलं : “ह्यो दगड गेल्या पावसात पडणार होतो. आमी टेकू लावलाव.” तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. सगळ्या दिवसात मी त्याला एवढं गंभीर झालेलं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

तेरेखोलला पोचलो साडेपाचला. तेरेखोल नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला असूनही हे गाव गोव्यात आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या अलीकडचा हा तुकडा तेव्हापासून गोव्याकडेच. आत सेंट अँथनीचं पांढरं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी, गोवा अजून पोर्तुगिजांच्या हातात असताना, सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. किल्ला लहान आहे, पण जागा अशी की खाली नदी समुद्राला मिळताना दिसते, समोर केरीचा किनारा, मधून फेरीबोट जाते-येते. त्या बोटीतून पलीकडे उतरलं की गोवा सुरू होतो, मी ओळखते तो. भाचीने विचारलं, जायचं का पलीकडे? कोणीच उठलं नाही.

*किल्ल्यात बरीच वर्षं हॉटेल होतं. आत किती जाता येईल, किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे निघण्याआधी विचारून घ्या. फेरीबोटीची शेवटची वेळही धक्क्यावर विचारावी.*

परतताना अंधार पडला. एका गावाच्या वळणावर देवळाशी माणसं जमलेली दिसली, आणि दादाने न विचारता हात वर केला. जत्रा होती, रात्री दशावतार. नाटक सुरू व्हायला मध्यरात्र होणार होती, पण कलाकार येऊन बसले होते. देवळाच्या मागच्या पडवीत प्रत्येकाने आपापली पत्र्याची पेटी उघडून ठेवलेली, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. रंग आपला आपण लावायचा. चाळिशीतला एक माणूस मांडी घालून बसला होता. राठ हात, बोटांना शेतीचे घट्टे. त्याने भुवया कोरल्या, ओठ रंगवले, मग केसांचा गंगावन बांधला, आणि नऊवारीचा पदर खांद्यावरून घेताना त्याची मान जराशी वळली. त्या वळणाबरोबर तो पुरुष राहिलाच नाही. मी समोर बसून बघितलं आणि तरीही तो क्षण कुठला, ते मला धरता आलं नाही.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं हे आधी ठरतं, कोणाची कुठली भूमिका तेही. संवाद रंगमंचावर, समोरच्याच्या बोलण्यावरून. रात्रभर. मी विचारलं, सकाळी झोपता का? तो म्हणाला, “सकाळी काजूत जातंय. बी वेचूक.” आम्ही सुरुवातीचं गणपतीचं गाणं होईपर्यंतही थांबू शकलो नाही, कारण काकू जेवायच्या थांबल्या होत्या. पुढच्या वेळी जत्रेचीच तारीख बघून येणार आहे. दशावताराच्या जत्रा कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावी असतात. कुठल्याही दुकानात विचारा, आज कुठे आहे ते लोक लगेच सांगतात.

तिसरा दिवस : रापण

परतीची गाडी संध्याकाळची. पहाटे साडेपाचला काकूंनी उठवलं : किनाऱ्यावर रापण लागली आहे, बघायची तर आत्ता चला. अंधारात टॉर्च घेऊन चालत गेलो.

होडीने मोठा अर्धगोल घेत समुद्रात जाळं सोडलेलं असतं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन दोरांना. दोन्ही दोरांवर माणसं उभी राहून ते ओढत आणतात. म्हातारे, पोरं, बायका, सगळे. पाच-दहा पावलं मागे जायचं, दोर खाली ठेवायचा, पुन्हा पाण्याच्या कडेला येऊन पुढून धरायचा. मी बघत उभी होते, तोवर भाची दोराला लागली होती. मग मीही लागले. ओला काथ्या तळव्यांना कापत होता. शेजारच्या आजी सत्तरीच्या असतील. त्या हाताने ओढत नव्हत्या, दोर कमरेशी घेऊन सगळं अंग मागे टाकत होत्या. मी तसं केलं आणि हातांची आग थांबली.

दोन तास गेले. उजाडलं, दोन्ही दोरांवरची माणसं एकमेकांच्या जवळ सरकत आली, आणि जाळ्याचा पोटाचा भाग उथळ पाण्यात आला तेव्हा पाणी थरथरायला लागलं. पेडवे, थोडे बांगडे, काही खेकडे. रापणकर एकमेकांकडे बघून गप्प झाले. मला ते ढीगभर वाटत होते, त्यांना नव्हते. यांत्रिक बोटी बाहेरूनच मासळी उचलून नेतात, किनाऱ्यापर्यंत येतं ते एवढंच, असं एक काका म्हणाले. तिथे पन्नासच्या वर माणसं होती.

वाळूवर वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा. आम्ही बाजूला होऊन पाय धूत होतो, तेवढ्यात त्या आजींनी हाक मारली. सुपारीच्या पानात चार बांगडे आणि मूठभर पेडवे. मी नको नको म्हणाले. इतक्या थोड्या मासळीत आमचा कसला वाटा? आजींना ते पटलं नाही. त्यांनी पान माझ्या हातात कोंबलं. “दोराक हात लावलात ना? मगे ह्यो तुमचो वाटो.”

काकूंनी त्या बांगड्यांचं तिरफळ घालून तिखलं केलं, शिरोड्याचं मीठ घालून.